तगरचा मोठेपणा सांगताना

तेरणा नदीतून समुद्रावरची गलबते आमच्या गावापर्यंत येत असत, असे मी अनेक वर्षे मुलांना शिकवले. पुढे गावाच्या इतिहासावर एक पुस्तिका लिहिली, तेव्हा तेच वाक्य तिच्या पहिल्या पानावर छापले. ते खोटे आहे. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. उन्हाळ्यात आमच्या नदीच्या पात्रात गुरे चरतात. मी भूगोलही शिकवत होतो, त्यामुळे हे मला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. ठाऊक असूनही लिहिले, कारण आपले गाव कुणीतरी मोठे म्हणावे, ही भूक फार होती. त्या भुकेपायी आणखी ज्या चुका झाल्या, त्या इथे मांडतो आहे. आपापल्या गावाचा इतिहास लिहायला बसलेली बरीच मंडळी मला भेटतात. निदान त्यांनी तरी या वाटेने जाऊ नये.

तेर हे धाराशिव तालुक्यातले, शहरापासून वीसेक किलोमीटरवरचे गाव. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून माहीत. ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातल्या या कुंभार संताची समाधी तेरणेकाठी आहे आणि चैत्रातल्या यात्रेला सगळा मुलूख तिथे लोटतो. इतिहासाच्या अभ्यासकांसाठी मात्र हे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनाम व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ओळखली जाणारी समुद्रव्यापाराची माहितीवही लिहिली. तिच्यात तगरचे नाव आहे. टॉलेमीच्या भूगोलातही आहे. हे तगर नेमके कुठले, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कुणी जुन्नर म्हणत, कुणी देवगिरी, कुणी धारूर. १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकाने अंतरे, दिशा आणि शिलालेखांतले उल्लेख ताडून तगर म्हणजे तेर, असे मांडले. पुढे हेन्री कझिन्स यांनी इथली विटांची जुनी देवळे पाहून त्यांचा वृत्तान्त लिहिला. १९५८ मध्ये चापेकरांनी उत्खनन केले आणि सातवाहन काळातल्या भरभराटीचा पुरावा जमिनीतून वर आला.

एवढे खरे वैभव पदरात असताना खोट्याची गरज का पडावी? पेरिप्लस मी स्वतः वाचले नव्हते, हे त्याचे पहिले उत्तर. दुसऱ्यांच्या लेखांत आलेले त्याचे नाव उचलले आणि उरलेल्या जागा मनाने भरल्या. बऱ्याच उशिरा त्याचे भाषांतर हाती आले. त्यात लिहिले आहे, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे शहर. तिथून पुष्कळ साधे कापड, तलम कापडाचे नाना प्रकार, आणि समुद्रकाठच्या प्रदेशांतून तगरला आलेला आणखी काही माल भडोचला जातो. हे सगळे गाड्यांमधून, जिथे धड रस्ता नाही अशा अफाट मुलखातून.

गाड्यांमधून! जहाजाचा तिथे संबंधच नव्हता. महिनाभर चालणारे बैल, वाटेतले घाट, नद्यांचे उतार, मुक्कामाच्या जागा, चारा-पाण्याची सोय, चोरांपासून राखण हे सगळे सांभाळून तेरचे कापड समुद्रापर्यंत पोचत होते. मग जवळचे कल्याण सोडून एवढ्या लांब भडोचला का जायचे? याचेही कारण त्याच पुस्तकात सापडते. कल्याणचे बंदर आधी खुले होते, पण पुढे सत्ता बदलली, अडवणूक सुरू झाली आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. कोकणच्या किनाऱ्यावर कुणी नाकेबंदी केली की तिची झळ तेरच्या विणकराला लागत होती. मी कल्पनेने रंगवलेल्या बंदरापेक्षा हे कितीतरी मोठे होते. ते पुस्तकात लिहिलेले होते आणि मी ते उघडून पाहिले नव्हते.

या चुकीची जाणीव मला करून दिली ती दक्षिण कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावाने. तिथल्या ग्रंथालयाने किनाऱ्यावरच्या जुन्या व्यापारगावांवर कार्यक्रम ठेवला होता आणि माझी पुस्तिका वाचून मला बोलावले होते. मी तेरच्या बंदराचे वर्णन केले. नंतर श्रोत्यांतले एक वयस्क गृहस्थ उठले. त्यांचे सगळे आयुष्य होडीवर गेलेले. त्यांनी अगदी आदराने विचारले, “गुरुजी, तुमच्या न्हयत भरती खंयपर्यंत येता?” खाडीकाठच्या माणसाला बंदर म्हटले की आधी भरती आठवते. गलबत किती आत शिरेल ते पाण्याच्या चढावर ठरते आणि भरती जिथे संपते तिथे जुने बंदर असते, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. मी म्हणालो, “पूर्वी पाणी खूप असे.” ते काही न बोलता खाली बसले. माझे उत्तर उत्तर नव्हते, हे त्यांना कळले होते आणि मलाही. त्या क्षणी ‘मला माहीत नाही, मी पडताळून पाहीन’ एवढे म्हणता आले असते. ते मी म्हटले नाही, आणि मूळ चुकीपेक्षा ही गोष्ट मला जास्त लागून राहिली आहे.

त्याच भाषणात दुसरी चूक झाली. शिलाहार राजे स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवून घेत. ठाण्याच्या आणि कोल्हापूरच्या शिलाहारांच्या लेखांत तगरपुराचे नाव बिरुदात येते. तेवढ्यावरून मी श्रोत्यांना ठणकावून सांगितले, “तुमच्या कोकणावर राज्य केले ते आमच्या गावच्या राजांनी.” पण शिलाहारांची घराणी तीन होती. उत्तर कोकणातले ठाण्याचे, ज्यांच्या काळात १०६० चे अंबरनाथचे शिवालय उभे राहिले, दक्षिण कोकणातले, आणि कोल्हापूर-पन्हाळ्याचे. मी तिघांना एकच करून टाकले. शिवाय बिरुद म्हणजे घराण्याने आपल्या उगमाबद्दल जपलेली आठवण किंवा केलेला दावा. त्यावरून तेरवर त्यांचे राज्य होते असे सिद्ध होत नाही. तगरचे नाव शेकडो वर्षांनंतरही किनाऱ्यावरच्या राजांना अभिमानाने सांगावेसे वाटत होते, एवढे मात्र निश्चित कळते. तेवढ्यावर थांबलो असतो तर कुणाला काही खटकले नसते.

परत आल्यावर वा. वि. मिराशींनी संपादित केलेला शिलाहारांच्या लेखांचा ग्रंथ मिळवून वाचू लागलो. त्यात विजयदुर्गाच्या खाडीवरच्या खारेपाटणला मिळालेला रट्टराजाचा ताम्रपट आहे, शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा. राजाने एका शिवमंदिराला दान दिले आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचे एक गद्याण मंदिराला मिळावे, अशी त्यात तरतूद आहे. आणि त्याबरोबर मंदिराच्या सेवेसाठी तेल्याचे एक घर, माळ्याचे एक, कुंभाराचे एक, परटाचे एक, अशी घरे नेमून दिली आहेत. मी बराच वेळ त्या ओळींवर अडकलो. हजार वर्षांपूर्वीचे किनाऱ्यावरचे एक लहानसे गाव तिथे सगळे दिसत होते. धक्क्याला लागणारे जहाज, जकात गोळा करणारा, दिव्याला तेल घालणारा, फुले आणणारा, घागरी घडवणारा. घरे नेमून दिली, यात त्या माणसांना विचारले होते का, हाही प्रश्न तिथेच उभा होता. मी मात्र त्या गावी जाऊन फक्त राजांच्या बिरुदाबद्दल बोलून आलो होतो.

तिसरी चूक हस्तिदंती बाहुलीची. इटलीतल्या पाँपेईत १९३८ मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीची. तेरलाही तिच्याशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आहे. साम्य आहे, ते कुणालाही दिसते. मी लिहिले, “पाँपेईची मूर्ती तेरच्या कारागिरांनी घडवली.” जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही याच धाटणीच्या हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला आहे, हे मी वाचले होते आणि पुस्तिकेतून वगळले होते. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे. ती लिपी वायव्येकडची, तेव्हा मूर्तीचा प्रवास सरळ नसावा, हेही वगळले. आपल्याला नको असलेला पुरावा दडवणे याला मी आज अज्ञान म्हणणार नाही. ती अप्रामाणिकता होती.

चौथी चूक सगळ्यांत खोल आहे, कारण ती नजरेची होती. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहुण्यांना नेताना मी प्रत्येक चांगल्या वस्तूपाशी ‘रोमन’ हा एकच शब्द उच्चारत असे. लामतुरे याच गावचे. पावसाने टेकाडे धुपली की उघडे पडणारे मणी, मूर्ती, नाणी, खापरे त्यांनी आयुष्यभर जमवली आणि त्यातून हे शासकीय संग्रहालय उभे राहिले. त्यात पांढऱ्या केओलिन मातीच्या सुबक मूर्ती आहेत. पुढचा आणि मागचा असे दोन साचे करून, दोन्ही अर्धे जोडून त्या घडवलेल्या. ही पद्धत पश्चिमेकडच्या संपर्कातून आली असावी असे अभ्यासक मानतात. पण चेहरे, दागिने, केसांची ठेवण इथली आहे. हात इथल्या कारागिरांचे. परदेशातून आलेली युक्ती पाहून ती आत्मसात करणारे आणि आपल्या मातीत उतरवणारे लोक या गावात होते. मी त्यांच्या कामावर दुसऱ्यांचे नाव लावत राहिलो.

तेरची पाण्यावर तरंगणारी वीट मुलांना फार आवडते. मीही ती चमत्कार म्हणून दाखवत असे. मातीत भुसा मिसळून वीट भाजली की भुसा जळून जातो आणि वीट आतून सच्छिद्र, हलकी होते. अशा विटांनी त्रिविक्रम आणि उत्तरेश्वर यांसारखी देवळे उभारणाऱ्यांना भुशाचे प्रमाण किती, भट्टीची आच किती, हे नेमके ठाऊक असले पाहिजे. चमत्कार म्हटले की ते ज्ञान पुसले जाते. कुंभारवाड्यातल्या एका आजींना मी कधीतरी माझी पुस्तिका वाचून दाखवली होती. त्या म्हणाल्या, “गुरुजी, त्या रोमचं काय सांगालाव? आमच्या आव्याचं लिवा की जरा.” त्यांच्या सासऱ्यांना माती कुठल्या ओढ्याची आणायची, राख किती घालायची, आवा कुठल्या वाऱ्याला पेटवायचा नाही, हे सगळे पाठ होते. मी हो म्हटले आणि पुढच्या सुट्टीवर ढकलले. आजी गेल्या. त्यांच्या घरात आता चाक नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीकामाबद्दल तावातावाने बोलणारा मी, शेजारच्या आळीत ते काम जाणणारे माणूस बसले असताना त्यांच्याकडे वही घेऊन गेलो नाही.

मण्यांची गोष्टही सांगितली पाहिजे. लहानपणी पहिल्या पावसानंतर आम्ही पोरे पांढरीवर मणी वेचायला जात असू. जुन्या वस्तीच्या या टेकाडाची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेण्याची रीत होती. आमच्या घरच्या गाड्याही गेल्या. तो काळ तसा होता, मुलांना आणि शेतकऱ्यांना मी दोष देत नाही. पण मोठा झाल्यावर, इतिहास शिकवू लागल्यावरही मी तेच केले. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, अकीक-कार्नेलियनचे मणी, खापरे आणायचो, स्वच्छ धुवायचो आणि बरण्यांत भरायचो. कुठल्या बाजूला मिळाले, किती खोल, सोबत काय होते, काहीही लिहिले नाही. एका संशोधक बाईंनी बरण्या पाहिल्या आणि शंखाचा तुकडा हातात घेऊन विचारले, “हा कुठे मिळाला?” मी म्हणालो, “टेकाडावर.” त्यांनी तुकडा परत बरणीत ठेवला. तो शंख समुद्राचा, तेरपर्यंत आलेला, कुणाच्या तरी हाताने कापलेला. एका जागी असे तुकडे आणि कापताना पडलेला कचरा मिळाला असता, तर तिथे बांगड्या घडवणाऱ्यांची वस्ती होती असे म्हणता आले असते. समुद्राशी तेरचे नाते सांगणारा खरा पुरावा माझ्या हाती होता आणि तो मी मुका करून टाकला. त्या बरण्या मी संग्रहालयाच्या स्वाधीन केल्या. त्यांच्यासोबत द्यायला माझ्याकडे एक ओळही नव्हती.

आता आजोबांच्या चोपड्या. त्यांचे कापडाचे आणि भुसाराचे दुकान होते. लाल कापडात बांधलेली मोडीतल्या वह्यांची बासने आमच्या माळवदाच्या घरात वर्षानुवर्षे पडून होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. त्यानंतर आमच्या जिल्ह्यात माळवदाखाली झोपायचे धाडस कुणाला उरले नाही. आम्हीही जुने घर उतरवले आणि त्या धांदलीत बासने रद्दीत दिली. मला मोडी येत नव्हते, शिकावेसेही वाटले नव्हते. त्यात रोम नव्हता, राजा नव्हता. वडील सांगत, बार्शीच्या पेठेतून माल यायचा, त्यात मीठ, नारळ, सुपारी असा समुद्रकाठचा जिन्नस असे. कुठल्या गावच्या विणकराचे लुगडे कितीला घेतले, दुष्काळात कुणाचे किती थकले, कुंभाराला धान्य किती दिले, हे सगळे त्या पानांत असणार. पेरिप्लस तरी काय आहे? एका व्यापाऱ्याने लिहिलेली बंदरांची, अंतरांची, मालाची टिपणे. परक्या व्यापाऱ्याच्या वहीतल्या चार ओळींवर मी आयुष्यभर भाषणे दिली आणि स्वतःच्या आजोबांच्या वह्या किलोच्या भावाने विकल्या. ही चूक मला दुरुस्त करता येणार नाही.

पुस्तिकेत निजामी राजवटीवर एक प्रकरण आहे. त्यात रझाकारांचा जुलूम आहे, सत्याग्रही आहेत, सप्टेंबर १९४८ मधली पोलीस कारवाई आहे. ते सगळे खरे आहे. पण कारवाईनंतरच्या आठवड्यांत आमच्या भागातल्या मुसलमान कुटुंबांवर काय गुदरले, याबद्दल त्यात एक वाक्यही नाही. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या आमच्या धाराशिवचे, नाव आहे. तो अहवाल मला नंतर वाचायला मिळाला, हे खरे. पण अहवाल कशाला हवा होता? माझ्या ओळखीच्या घरांत ते दिवस पाहिलेली माणसे होती. मी त्यांच्याकडे चहा प्यायलो, ईदला गेलो, आणि हा प्रश्न कधी विचारला नाही. विचारले तर संबंध बिघडतील, अशी स्वतःची समजूत घातली. ती भीती त्यांच्यासाठी नव्हती, माझ्या प्रकरणाची सरळ रेघ वाकडी होईल यासाठी होती. गावाचा इतिहास म्हणायचे आणि गावातल्या काही घरांना त्यात जागा द्यायची नाही, हा अन्याय माझ्या हातून झाला.

या सगळ्या चुकांचे मूळ एकच आहे. मला गावाचा मोठेपणा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा होता. रोमने, राजाने, परक्या विद्वानाने शिक्का मारला तरच आपण कुणीतरी, असे मनात पक्के बसले होते. त्यामुळे ज्यांच्या हातांनी हे गाव मोठे झाले ते विणकर, गाडीवान, वीटकरी, कुंभार, बांगड्या घडवणारे लोक मला दिसलेच नाहीत, आणि त्यांचे वारस समोर बसलेले असताना त्यांचेही मी ऐकले नाही. कोकणातल्या त्या खाडीकाठच्या गृहस्थांना गावाच्या मोठेपणाची अशी फिकीर नव्हती. त्यांना आपले पाणी ठाऊक होते. लहान गावाचा इतिहास अशा जाणकारीतून लिहायचा असतो, हे मला साठी उलटल्यावर कळले.

आता पुस्तिका पुन्हा लिहितो आहे. प्रत्येक विधानापुढे ते कशावरून, हे लिहायची सवय लावून घेतली आहे: जमिनीतला पुरावा, लेखातला उल्लेख, की लोकांची आठवण. आठवण कमी दर्जाची असते असे मी मानत नाही, पण तिला आठवण म्हटले पाहिजे. ज्या म्हाताऱ्या माणसांकडे जायला हवे होते त्यांतली जी आहेत त्यांच्याकडे जातो, बायकांकडे आधी जातो, कारण पहिल्या वेळी त्यांना मी जवळजवळ विचारलेच नव्हते. मोडीही शिकलो, आता दुसऱ्यांच्या घरच्या वह्या वाचून देतो.

तुमचे गाव तेर असो, कळंब, परंडा, नळदुर्ग असो की खाडीकाठचे एखादे बंदर असो, माझी विनंती एवढीच आहे. नांगरताना, पाया खणताना जुनी वस्तू दिसली तर ती धुऊ नका, हलवण्याआधी जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि संग्रहालयाला किंवा तहसीलला कळवा. घर पाडायला काढाल तेव्हा जुनी बासने आधी बाहेर काढून मोडी जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवा. आणि ज्या घरात आपण कधी प्रश्न विचारला नाही, त्या घरी या आठवड्यातच जा. मी जिथे उशिरा पोचलो तिथे तुम्हाला अजून वेळेवर पोचता येईल.